साथीचा पियानो शिकायला दोन वर्षं कशाला लागतात?

पियानोची आठवी ग्रेड पार करून पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं मनात असलेली मुलं मुंबईत, पुण्यात, मडगावात भेटतात. विद्यापीठांचे अभ्यासक्रम चाळताना त्यांना एक नाव वारंवार दिसतं: कोलॅबोरेटिव्ह पियानो. चौकशी केल्यावर कळतं की हा दुसऱ्यांना पियानोची साथ करण्याचा अभ्यासक्रम आहे. त्यात दोन वर्षांची मास्टर्स पदवी आहे आणि काही ठिकाणी डॉक्टरेटसुद्धा आहे. मग घरात प्रश्न निघतो. ज्याला पियानो उत्तम येतो त्याला साथ येणारच की. ती वेगळी शिकायची कशाला, आणि तीही एवढे पैसे भरून?

प्रश्न रास्त आहे. गाण्याच्या मैफलीत पियानोवर बसलेला माणूस नेमकं काय करतो, हे श्रोत्यांना बहुतेक वेळा दिसतच नाही. तो चुकला तरच लक्षात येतो. या शिक्षणात वादकांच्या साथीचा भागही असतो, पण इथं फक्त अभिजात गायकांबरोबर काम करणाऱ्या पियानिस्टबद्दल लिहितो आहे, कारण खरी गुंतागुंत तिथं आहे.

आधी कामं वेगळी करू

पाश्चात्त्य अभिजात गायनात पियानिस्टच्या वाट्याला तीन कामं येतात. पहिलं मैफलीतल्या साथीचं: एक गायक, एक पियानो, माइक नाही, आणि समोर श्रोते. दुसरं कोचचं. कोच म्हणजे बंद खोलीत गायकासमोर बसून त्याच्याकडून गाणं किंवा ऑपेरातली भूमिका तयार करून घेणारा पियानिस्ट. तिसरं रेपेटिटरचं. ऑपेराच्या तालमी चालू असतात तेव्हा ऑर्केस्ट्रा हजर नसतो. त्याच्या जागी एकटा पियानो वाजवून आठवडेच्या आठवडे तालीम चालती ठेवणारा तो रेपेटिटर. व्यवहारात बऱ्याचदा एकच माणूस ही तिन्ही कामं करतो.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. संगीत नाटकांच्या काळात नटांकडून पदं बसवून घेणारे बुवा असत. १९१६ साली ‘स्वयंवर’ची पदं भास्करबुवा बखले यांनी बांधली, त्या परंपरेतले. आणि प्रयोगाच्या वेळी पुढं ऑर्गनवर बसून नटाचा सूर सांभाळणारा साथीदार वेगळा असे. पदं बसवणारे बुवा आणि ऑर्गनवाले या दोघांना एकाच खुर्चीत बसवा, त्यांच्या हातात चार परक्या भाषांतल्या संहिता द्या, की कोच-पियानिस्ट कसा असतो याचा अंदाज येईल.

पेटीची साथ आणि ही साथ

आपल्या डोळ्यांसमोर साथ म्हटली की ख्यालगायनातली पेटी येते. तिथला साथीदार गवयाच्या मागून जातो. गवई काय गाणार हे आधी लिहिलेलं नसतं. साथीदार त्याची जागा उचलतो, श्वासाच्या वेळी पोकळी भरतो, आणि पुढं सरकत नाही. ही अवघड कला आहे, तिला सारं आयुष्य द्यावं लागतं.

पाश्चात्त्य कलागीतात, म्हणजे कवितेला चाल लावून एका आवाजासाठी आणि पियानोसाठी रचलेल्या गाण्यात, मांडणी मुळातच वेगळी असते. पियानोचा प्रत्येक सूर रचनाकारानं लिहिलेला असतो, आणि पुष्कळदा कवितेतलं दृश्य गायकाकडे नसतं, ते पियानोकडे असतं.

ऑस्ट्रियन रचनाकार शूबर्टचं ‘ग्रेटशेन आम श्पिनराडं’, म्हणजे ‘चरख्यावर बसलेली ग्रेटशेन’, हे गाणं घ्या. १८१४ साली, सतरा वर्षांचा असताना त्यानं ते रचलं. शब्द गटेचे, शाकुंतलावर भाळलेला म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच गटे. चरख्यावर सूत काततकातत एक मुलगी आपल्या प्रियकराच्या आठवणीनं अस्वस्थ झाली आहे. गायिका तिचे शब्द गाते. चरखा मात्र पियानोत आहे: उजव्या हातात फिरणारं चाक, डाव्या हातात पायटा दाबल्याची लय. आठवण चढत जाते, ती त्याच्या चालण्याचं, हसण्याचं, बोलण्याचं वर्णन करते, आणि त्याच्या चुंबनाच्या शब्दाशी येऊन ठेपते. तिथं चरखा थांबतो. काही क्षण पियानो गप्प. मग चाक पुन्हा फिरू लागतं, पण एकदम नाही. थोडं फिरतं, थबकतं, पुन्हा फिरतं.

आता पियानिस्टच्या जागी बसून विचार करा. ती शांतता किती लांब ठेवायची? कागदावर फक्त थांबण्याची खूण आहे, सेकंद लिहिलेले नाहीत. गायिकेनं वरचा सूर किती ताणला, तिचा श्वास किती उरला, चेहऱ्यावर काय आहे, सभागृहात सूर किती घुमतो, हे सगळं त्या क्षणी ऐकून आणि पाहून ठरवायचं. चरखा पुन्हा सुरू करणारा हात पियानिस्टचा आहे. मुलगी भानावर येते आहे हे श्रोत्यांना सांगण्याची जबाबदारी तालाच्या त्या दोन-तीन आवर्तनांत पूर्णपणे त्याच्यावर असते. अशा ठिकाणी मागून जाणारी साथ उपयोगाची नाही. इथं पुढाकार घ्यावा लागतो.

जर्मन रचनाकार शूमनच्या ‘डिश्टरलीबं’ (‘कवीचं प्रेम’) या १८४० सालच्या सोळा गीतांच्या मालिकेत तर शेवटी गायकाचं गाणं संपतं आणि पियानो एकटाच वाजत राहतो. गायक उभा असतो, ऐकत असतो. संपूर्ण मालिकेचा शेवट पियानिस्टच्या हाती सोपवलेला आहे.

श्वास बोटांत कसा येतो?

या शिक्षणाचा गाभा माझ्या मते इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पियानोला श्वास लागत नाही. बोट पट्टीवर पडलं की सूर येतो आणि लगेच विरत जातो. माणसाच्या आवाजाचं उलट आहे. सूर काढण्याआधी छाती भरावी लागते, आणि एकदा सूर लागला की तो वाढवता येतो, फुलवता येतो. दोन वाद्यांचे स्वभाव इतके वेगळे असताना त्यांचा एकच आवाज वाटायला हवा असेल, तर जुळवून घेण्याचं बरंचसं काम पियानोलाच करावं लागतं.

गायक श्वास घेतो त्याला वेळ लागतो. ती वेळ आणायची कुठून? नवखा पियानिस्ट पुढचा ठोका उशिरा देतो, मग लय अडखळते. शिकलेला पियानिस्ट मागच्या ओळीचा शेवट असा आटोपता घेतो की गायकाला श्वासापुरती जागा मिळते आणि पुढचा ठोका वेळेवरच पडतो. श्रोत्याला काही घडल्याचं जाणवत नाही. लांब ओळीत गायकाचा दम संपत आला तर पियानिस्ट किंचित पुढं सरकतो. दम भरपूर असेल तर त्याला फुलू देतो. ओळीच्या सुरुवातीला तो गायकाच्या बरगड्यांकडे आणि खांद्यांकडे कडेच्या नजरेनं पाहतो आणि स्वतःही त्याच्याबरोबर श्वास घेतो. हे अलंकारानं म्हणत नाही. वर्गात शिक्षक विद्यार्थ्याला खरोखर तोंडानं श्वास घ्यायला आणि वाजवता वाजवता गायकाची ओळ गायला लावतात. जी ओळ स्वतः गाऊन पाहिली नाही तिच्यात श्वास कुठं लागतो हे कळत नाही.

दुसरी बाब व्यंजनांची. समजा गाण्यात समेवर ‘स्त्री’ हा शब्द आला. सम कशावर पडते? ‘स्’, ‘त्’, ‘र्’ ही तिन्ही व्यंजनं समेच्या आधी उरकावी लागतात आणि ‘ई’ समेवर येते, कारण सूर टिकतो तो स्वरावर. जर्मन भाषेत अशा जोडव्यंजनांची रेलचेल आहे. गायकानं शब्द उच्चारायला सुरुवात केली की लगेच बोट टाकणारा पियानिस्ट प्रत्येक वेळी कणभर लवकर पोचतो, आणि गायक मागं पडल्यासारखा वाटतो. बोट स्वराबरोबर पडलं पाहिजे. त्यासाठी ‘ऐकून मग वाजवणं’ चालत नाही, कारण ऐकेपर्यंत उशीर झालेला असतो. शब्द मनात गायकाबरोबर उच्चारत राहावे लागतात.

तिसरी बाब आवाजाच्या तोलाची. प्रत्येक गळ्याच्या काही जागा भरदार असतात, काही क्षीण. खर्जाकडे गेलेल्या गायिकेवर पियानोचा मधला भाग सहज चढतो. तिथं पियानिस्टला सगळे सूर वाजवूनही पातळ वाजवावं लागतं. वर चढलेल्या सुराला मात्र खालून भक्कम आधार हवा असतो, तिथं हात आखडला तर गायक उघडा पडतो. इंग्लंडचा थोर साथीदार जेराल्ड मूर यानं १९६२ साली आलेल्या आपल्या आठवणींना ‘अॅम आय टू लाउड?’ असं नाव दिलं. ‘माझा आवाज फार होतोय का?’ हा या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दर गळ्यागणिक, दर सभागृहागणिक बदलतं.

भाषेशिवाय साथ नाही

गायकाच्या कोचला इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या चार भाषांत काम करावं लागतं. रशियन, स्पॅनिश, चेक या वरच्या. बोलता येणं चांगलंच, पण किमान अट अशी की समोर आलेल्या कवितेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ, त्याचा बरोबर उच्चार आणि वाक्यातला जोर त्याला ठाऊक असला पाहिजे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकवतात. प्रत्येक ध्वनीला एकच खूण असलेली ही लिपी भाषाशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केली. विद्यार्थी गाण्याच्या कागदावर शब्दांखाली त्या खुणा लिहून काढतो, मग कविता सुराशिवाय मोठ्यानं वाचतो. पियानिस्टलाही हे करावंच लागतं, कारण उद्या गायकाची चूक त्यालाच पकडायची असते.

चुका कसल्या असतात? इटालियनमध्ये ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. गाताना जोडाक्षर नीट आलं नाही की अर्थ बदलला. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ड’ हा ‘ट’ होतो. मृत्यूला लिहितात ‘टोड’ आणि म्हणतात ‘टोट’.

मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्याला इथं थोडा फायदा आहे, तो सांगायला मला आनंद वाटतो. इटालियनमधला ‘त’ आपल्या ‘त’सारखा दाताला जीभ लावून आणि हवेचा झोत न सोडता म्हणायचा असतो. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला त्यासाठी महिनोन्‌महिने झगडावं लागतं, आपल्याला तो जन्मापासून येतो. जोडाक्षरं आणि स्पष्ट ‘र’ यांचंही तेच. फ्रेंचमधले नाकातले स्वर कोंकणीभाषकाला परके वाटत नाहीत, त्याच्या भाषेत ते आहेतच. अडतं ते फ्रेंच आणि जर्मनमधल्या ओठ गोल करून म्हणायच्या ‘ई’पाशी, आणि जर्मन ‘इश’मधल्या त्या घासट ध्वनीपाशी. त्याला देवनागरीत अक्षर नाही, तो कानानंच शिकावा लागतो.

शंभर वादक, दहा बोटं

ऑपेराकडे वळलं की काम वेगळंच रूप घेतं. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘एलेक्ट्रा’ला शंभराहून अधिक वादक लागतात. त्यांना महिनाभर तालमीला बसवणं कोणत्याही ऑपेरागृहाला परवडणार नाही. ते शेवटच्या काही दिवसांत येतात. तोपर्यंत गायकांची तयारी, रंगमंचावरच्या हालचाली, सगळं पियानोवर चालतं.

पियानिस्टसमोर जी प्रत असते तिला व्होकल स्कोअर म्हणतात: गायकांच्या सगळ्या ओळी वर, आणि ऑर्केस्ट्राचा पियानोवर उतरवलेला गोषवारा खाली. हा गोषवारा पुष्कळदा वाजवताच येणार नाही असा असतो, कारण करणाऱ्यानं काहीच सोडायला नको म्हणून सगळं कोंबलेलं असतं. मग सोडायचं काय आणि ठेवायचं काय? शिक्षणाचा मोठा भाग या निवडीचा असतो. गायक ज्या सुरावरून आपला सूर उचलतो तो ठेवायचा. खालचा सूर आणि ताल कधीही सोडायचा नाही. व्हायोलिनची नुसती चमक सोडली तर चालते. हे ठरवण्यासाठी ऑर्केस्ट्राची मूळ प्रत वाचता आली पाहिजे, आणि हा सूर क्लॅरिनेटचा की चेलोचा हे माहीत असलं पाहिजे. उद्या ऑर्केस्ट्रा समोर आल्यावर गायकाला जे ऐकू येणार आहे, तेच आज पियानोवरून त्याच्या कानी पडायला हवं.

हे करत असताना एक डोळा संचालकाच्या, म्हणजे कंडक्टरच्या, हातावर ठेवायचा. गैरहजर गायकाची ओळ स्वतः गायची. कुणी शब्द विसरलं तर ओरडून सांगायचा. रेपेटिटरच्या निवडचाचणीत मोत्सार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा शेवट हमखास मागतात. सुमारे वीस मिनिटं न थांबता चालणारा हा प्रवेश दोन माणसांपासून सुरू होतो आणि सात जणांच्या गोंधळात संपतो. पियानो वाजवता वाजवता उमेदवारानं ती पात्रं गावीत अशी अपेक्षा असते. आवाज गोड नसला तरी चालतो. सूर, शब्द आणि ताल हुकता कामा नयेत.

या कामातून मोठे संचालक घडले यात आश्चर्य नाही. गेऑर्ग शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात रेपेटिटर होता. १९३८ साली त्यानं पहिल्यांदा ऑपेरा संचालित केला तो हाच ‘फिगारो’. २००२ ते २०२४ लंडनच्या रॉयल ऑपेराचे संगीत संचालक राहिलेले अँटोनिओ पपानो पोरवयात वडिलांच्या गायनवर्गात पियानो वाजवत आणि पुढं न्यू यॉर्कमध्ये रेपेटिटर झाले.

गानगुरू असताना कोच कशाला?

गानगुरू गळा घडवतो: श्वासाचा आधार, आवाजाच्या पट्ट्या, वरचे सूर सुखरूप कसे घ्यायचे. कोच गाणं घडवतो: शब्द, शैली, लय, अर्थ, कुठं श्वास घ्यायचा, मोत्सार्टमध्ये कोणता अलंकार शोभतो, पुच्चिनीत परंपरेनं कुठं थांबतात. दोघांच्या मधली सीमा पाळणं हा शिस्तीचा भाग आहे. वरचा सूर दाबला जातोय हे कोचला ऐकू येतं. ते तो सांगतो, पण जीभ कुठं ठेव हे सांगत नाही. दोन गुरूंनी दोन उलट सूचना दिल्या तर त्याची किंमत गळा मोजतो.

कोचचं आणखी एक काम कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. गायकाचं वाद्य त्याच्या शरीरात असतं, त्यामुळे वाद्यावरची टीका त्याला स्वतःवरची वाटते. सर्दी, झोप, भीती, सगळं आवाजात उतरतं. आज किती सांगायचं आणि काय उद्यावर ठेवायचं, ही जाण कोचला हवीच. चांगल्या संस्थांत विद्यार्थी गायकाला शिकवत असताना अनुभवी कोच मागं बसून ऐकतो आणि नंतर या बाबतीतही बोलतो.

शिकवतात कुठं आणि काय?

साथीची पदवी ही तशी अलीकडची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्वेंडोलिन कोल्डॉफ्स्की यांनी १९४७ साली हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. जगातला या प्रकारचा पहिला म्हणून तो ओळखला जातो. त्यांचे विद्यार्थी मार्टिन कॅट्झ पुढं मेरिलिन हॉर्नसारख्या गायिकांचे साथीदार झाले आणि मिशिगन विद्यापीठात त्यांनी पिढ्या घडवल्या. न्यू यॉर्कच्या जुलियार्डमध्ये सॅम्युअल सँडर्स यांनी हा विभाग उभा केला. लंडनमध्ये रॉयल अकॅडमी आणि गिल्डहॉलमध्ये साथीचं उच्च शिक्षण मिळतं.

पदवीनंतरचा टप्पा ऑपेरागृहांच्या तरुण कलाकार योजनांचा. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची १९८० साली सुरू झालेली योजना, लंडनच्या रॉयल ऑपेराची जेट पार्कर योजना, लंडनचाच नॅशनल ऑपेरा स्टुडिओ. या सगळीकडे गायकांबरोबर पियानिस्टही घेतात. जागा अगदी मोजक्या असतात.

शिकण्याचे विषय वर आलेच. त्यात दोन राहिले. एक, पहिल्या नजरेत वाचून वाजवणं. गायक कुठलंही पान उघडून समोर ठेवतो आणि म्हणतो, ‘चला.’ दुसरा, पट्टी बदलणं. शूबर्टचं ‘ग्रेटशेन’ मूळ पांढरी दोनचं. खालच्या आवाजाची गायिका ते उतरवून मागते. बदललेल्या पट्टीच्या छापील प्रती मिळतात, तरी ऐन वेळी स्वर-अर्धस्वर खाली घेण्याची सवय हवी. शिवाय पट्टी उतरली की पियानोचे खालचे सूर जड आणि गढूळ होतात, मग हात आणि पेडल हलकं करावं लागतं. नुसते सूर बदलून भागत नाही.

‘एकल वादन जमलं नाही म्हणून साथीला बसला’

हा आक्षेप मला मनापासून खुपतो, कारण तो ऐकून चांगली मुलं या वाटेला जात नाहीत. स्व्यातोस्लाव रिख्टर हा विसाव्या शतकातला पहिल्या रांगेतला एकल पियानिस्ट. त्यानं गायक डीट्रिश फिशर-डीस्काऊबरोबर ब्राम्सची आणि वोल्फची गाणी वाजवली. बेंजामिन ब्रिटन हा स्वतः थोर रचनाकार, तो गायक पीटर पिअर्ससाठी आयुष्यभर पियानोवर बसला. हे लोक उरलेलं काम म्हणून साथ करत नव्हते.

आणि ज्यांनी फक्त साथच केली त्यांचं मोल? ग्रॅहम जॉन्सननं शूबर्टची समग्र गाणी डझनावारी गायकांबरोबर ३७ डिस्कवर ध्वनिमुद्रित केली. त्या प्रकल्पाचा कणा गायक नव्हते, पियानिस्ट होता. जेराल्ड मूरच्या निरोपाच्या मैफलीला, २० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, फिशर-डीस्काऊ, एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस असे तीन अव्वल गायक त्याच्यासाठी उभे राहिले.

तरी साथीदाराचं नाव जाहिरातीत बारीक अक्षरात छापण्याची सवय सुटलेली नाही, आणि मानधनातही तफावत असते. हे अन्यायाचं आहे आणि तसं म्हटलं पाहिजे. काही स्पर्धांनी मात्र चांगला पायंडा पाडला: लंडनच्या विग्मोर हॉलची गीतस्पर्धा आणि कॅथलीन फेरियर पुरस्कार पियानिस्टला वेगळं पारितोषिक देतात.

पोटापाण्याचं म्हणाल तर एकल वादकापेक्षा या माणसाला काम मिळण्याची शक्यता जास्त. प्रत्येक संगीत महाविद्यालयाला गायनवर्गांसाठी पियानिस्ट लागतात. जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारी सुमारे ८० ऑपेरागृहं आहेत आणि त्यांत पगारी रेपेटिटर असतात.

ट्रॅक लावून का भागत नाही?

सरावाला ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ, वाईट नाही. गायकाची लय ऐकून वेग बदलणारी ॲपही आता आली आहेत. पण ट्रॅकबरोबर वाढलेला गायक ट्रॅकच्या वेळेत श्वास घ्यायला शिकतो. स्वतःच्या अर्थाप्रमाणे थांबायला शिकत नाही. ॲप वेग बदलतं ते झालेल्या सुरावरून. ‘ग्रेटशेन’मधली ती शांतता किती लांबवायची, हे अजून न आलेल्या सुरावरून ठरतं. शिवाय ‘इथं “सेते” म्हणालास, “सेत्ते” म्हण’ असं ट्रॅक कधी सांगत नाही.

मुंबई-गोव्यातून या वाटेला कसं लागायचं?

इथं या शिक्षणाची गरज खरी आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथं ऑपेराचे प्रयोग झाले आहेत. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ आणि त्यांचे पती, पियानिस्ट मार्क ट्रूप, यांनी भारतात येऊन गायक घडवण्याचं काम सातत्यानं केलं. गायक आणि पियानिस्ट अशी जोडी येते हेच मला मोलाचं वाटतं. गळा शिकवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. गाणं बसवून घेणारा कोच मिळणं मात्र कठीण, आणि परीक्षेला पियानोची साथ करायला कुणी आहे का, ही शोधाशोध दर सत्रात गायनाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते.

गोव्यात पाया तयार आहे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांनी स्वरलिपी वाचण्याची सवय रुजवली, ती आजही चर्चच्या गायनवृंदांत दिसते. दर रविवारी चार आवाजांची स्तोत्रं पाहताक्षणी वाजवणारा तरुण या शिक्षणाची पहिली पायरी चढलेलाच असतो. त्यानं भर कशाची घालावी? रोज एक स्तोत्र एका पट्टीनं खाली वाजवावं. वाजवताना एक ओळ स्वतः गावी, दर वेळी वेगळी. इटालियन किंवा जर्मन भाषेचा साधा वर्ग लावावा. मुंबई-पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकता येतं. शूबर्टची दहा गाणी घेऊन आधी कविता वाचावी, मग पियानोला हात लावावा.

आणि एक गायक शोधावा. प्रवेशासाठी पाठवायच्या ध्वनिमुद्रणात बहुतेक संस्था एकल वादनाबरोबरच निरनिराळ्या भाषांतली गाणी गायकासोबत वाजवलेली मागतात. ती आठवड्याभरात तयार होत नाहीत. त्याच गायकाबरोबर वर्षभर, दर आठवड्याला बसलेलं असेल, तर ऐकणाऱ्या परीक्षकाला ते पहिल्या पानातच कळतं.